पहिल्या कापसाचा दोरा

हे मी बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायको गेली, पण तिलाही सांगितलं नाही. मुलगा आणि सून एकाच घरात राहतात, त्यांनाही माहीत नाही. सांगायची वेळ दर वर्षी यायची. दसरा झाला, वावरं पांढरी दिसायला लागली की यायची, आणि मी गुरांना पाणी पाजायचं निमित्त काढून उठून जायचो. आता गोठ्यात गुरं नाहीत.

यंदा पराटी उशिरा फुटली. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पराटी म्हणतात. परतीच्या पावसानं खालची बोंडं काळी पडली, वरची मात्र चांगली उमलली, आणि मागच्या आठवड्यात पहिली वेचणी निघाली. पहिल्या वेचणीला सीतादही करतात. बायका वावरात जातात, एक भरलेलं झाड निवडतात, त्याला हळदकुंकू लावतात, बुडाशी दहीभात ठेवतात आणि सगळ्यात आधी त्याच झाडाचा कापूस वेचतात. तो पहिला कापूस घरी येतो. त्याची वात देवापुढं लागते, मगच बाकीचा कापूस घराबाहेर जातो. आमच्या घरात हे माझी आई करायची, नंतर बायको करायची. यंदा माझ्या नातीनं केलं, तनूनं. वीस वर्षांची आहे, बुलढाण्याला कॉलेजात शिकते, सुट्टीसाठी आली आहे.

वावरातून आली ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली. मूठभर कापूस ओच्यातून काढला, त्यातली सरकी एकेक करून वेगळी केली आणि बोटांनी दोरा वळायला लागली. वातीसाठी लागतो त्यापेक्षा लांब, चांगला वीतभर. मग उठली आणि तो आपल्या स्कूटीच्या हँडलला बांधला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"दोरा. आठवते का आबा? अंबादास आजोबाले दिला होता, तसाच." गाठ ओढता ओढता ती हसली. "त्याइनं तं बांधलाच नव्हता."

हे ती इतक्या सहज म्हणाली की माझ्या हातातला कप मी खाली ठेवला, आणि चहात माशी पडली तरी तो उचलला नाही.

---

मी चौतीस वर्षं टपाल वाटलं. मेहकर-चिखली रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सात गावं, आणि काळी सायकल. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चाकात बसायचा, तेव्हा सायकल माझ्या खांद्यावर आणि टपालाची पिशवी छातीशी. माझ्या घंटीचा आवाज सातही गावांना ओळखीचा होता. दुपारी ती वाजली की बाया पिठाचे हात तसेच घेऊन दारात येत. मनीऑर्डर असो की नसो, येत. दार उघडलं जाणं ही माणसाला लागणारी सवय आहे. मी निवृत्त झालो, गुडघे गेले, सायकल भिंतीला लागली, आणि कोणाचंच दार माझ्यासाठी उघडेना, तेव्हा मला ते कळलं.

अंबादास माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. एसटी थांब्यापाशी त्याचं टिनाचं पंक्चरचं दुकान. माझी सायकल आयुष्यभर त्यानंच धरून ठेवली म्हणायला हरकत नाही. मी स्टुलावर बसायचो, तो खाली पोत्यावर. मी सात गावांच्या बातम्या सांगायचो, तो ट्यूब पाण्यात बुडवून ऐकायचा. "भाऊ, तुमी लय दुनिया पाह्यली," म्हणायचा. तो स्वतः कुठं जायचा नाही. त्याच्या हातून शेकडो सायकली दुरुस्त होऊन गेल्या, पण तो चिखलीच्या बाजाराला गेला तरी एसटीनं जायचा. हे सगळं मला फार बरं वाटायचं. का बरं वाटतं याचा विचार मी कधी केला नाही.

तनू आठ वर्षांची, तिसरीत. भाद्रपदात तिला ताप यायला लागला, अंगावर निळे डाग दिसले, आणि पोळ्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या घरात रक्ताचा कॅन्सर हा शब्द आला. मुलगा-सून तिला घेऊन औरंगाबादला जाऊन-येऊन. दोन आठवडे तिकडं, आठ दिवस इकडं. तिकडं असताना सून संध्याकाळी फोन लावून द्यायची. मी फोन कानाला लावून उभा. दिवसभर काय काय सांगायचं ते जुळवून ठेवलेलं. तनू म्हणायची, "आबा, अंबादास आजोबा हायेत का तिथं?"

कारण अंबादासनं तिला काडेपेटीत भरून छर्रे दिले होते. सायकलच्या बेअरिंगमधले, तेलानं पुसून आरशासारखे केलेले. त्यानं तिला सांगितलं होतं, "तनूबाई, सुई टोचाले आली का मुठीत धराचे आन् मोजाचे. बरोबर मोजले तं दुखत नाई, चुकले तं दुखते." पोरीनं ते खरं मानलं. सून सांगायची, दवाखान्यात हात पुढं करायच्या आधी ती उशीखालची काडेपेटी काढते. मी तिला सात गावांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, पुरात वाहून गेलेल्या टपालाची पिशवी कशी परत आणली ते सांगितलं होतं. त्यातली एकही तिनं दवाखान्यात नेली नाही.

हेवा हा शब्द मी इतकी वर्षं स्वतःजवळही वापरला नव्हता. त्याला मी दुसरी नावं दिली होती. परका माणूस आहे, पोरीला सवय नको. दुकानाचे तेलकट हात, डॉक्टर काय म्हणतील. नावं बदलत गेलो तसा तो आत वाढत गेला.

---

तनूला वरचेवर रक्त लागायचं, प्लेटलेट लागायच्या. मी पहिल्यांदा रक्त द्यायला गेलो तेव्हा रक्तपेढीच्या काउंटरवरच्या पोरानं माझं वय विचारलं आणि हात जोडले. अंबादास माझ्यासोबत आला होता, त्याला साखर निघाली. परतताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. देऊळगाव राजा मागं पडलं तेव्हा एकदम म्हणाला, "भाऊ, रक्त नाई घेत माह्यं. पाय तं घेतीन ना?"

"पायाचं काय करतीन बे?"

"सायकल मारतो म्हनलं. बीबीले माही बहीन हाये, तिथून निंगतो. मेहकर, आपलं गाव, चिखली, घाट उतरून खामगाव, थेट जळगाव जामोद. गावोगाव थांबतो, रक्त देनाऱ्याइचं नाव लिहून घेतो. कोन्त्या गटाचं रक्त, फोन नंबर. पैशाची पेटी नाई ठेवत, वही ठेवतो."

जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. घाटावरची गावं आणि घाटाखालची गावं. जो माणूस चिखलीला एसटीनं जायचा तो.

मी म्हणालो, "चांगलं हाये." तेवढंच म्हणालो. गुडघ्यावर हात होता माझा, आणि त्या गुडघ्याचा मला असा राग आला की दोन बुक्क्या माराव्या. चौतीस वर्षं सायकल मी मारली. माझ्या नातीसाठी सायकल मारायची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्यानं मारायची?

मग तो घरी आला, घंटी मागायला. "तुमची घंटी द्या भाऊ. ते वाजली का लोक दार उघडतेत. माहीनं कोन उघडीन?" मी पाना घेऊन भिंतीच्या सायकलवरची घंटी काढली. स्क्रू गंजला होता. माझ्या हातून निघेना तर त्यानंच हळूच पाना घेतला आणि दोन फिरक्यांत काढली. तनू खिडकीतून बघत होती. ती टाळ्या वाजवायला लागली.

ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या माणसाकडून त्यानं तेलाच्या डब्याची पाटी करून आणली. पांढऱ्यावर लाल अक्षरं, तनूसाठी रक्त द्या. पाटी त्यानं तनूला दाखवली. तिनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे कितीतरी दिवसांनी मोठे झाले होते. माझ्या नातीचं नाव त्याच्या सायकलवर.

---

ती कार्तिकातली थंडी मला अंगावर आठवते. तुरीला पिवळा फुलोरा. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके, कारण चिखलीच्या जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्या वरपर्यंत भरलेल्या. घरात सरकीचा तेलकट वास. आमच्या वावरात सीतादही झालं, पण तनूला धुळीत न्यायचं नव्हतं. ती दारात उभी राहून बायका जाताना बघत राहिली. बायकोनं पहिली चार बोंडं तिच्यासाठी म्हणून वेगळ्या फडक्यात आणली. सुनेनं तो कापूस दोन दिवस उन्हात ठेवला, मगच तिच्या हातात दिला.

चार बोंडांचा एक दोरा. तिनं दोन दिवस घेतले त्याला. सरकी काढायची, थकायची, झोपायची, पुन्हा काढायची. दोन्ही टोकांना हळद लावली.

अंबादास निघायचा त्या सकाळी ती म्हणाली, "आबा, मले स्टँडवर येऊ देत नाईत. तुमी जा. हा अंबादास आजोबाच्या हँडलले बांधा. पहिल्या कापसाचा हाये म्हना. आन् म्हना, आमच्या दारावरून जाताना मी पाहीन."

दोरा मी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

थांब्यावर अर्धं गाव. सायकल बीबीच्या एसटीच्या टपावर चढवत होते. सरपंचानं अंबादासच्या गळ्यात हार घातला. माझ्या निरोपाच्या दिवशी पोस्टात एक नारळ दिला होता, हार नव्हता. शाळेची पोरं त्याच्या नावानं ओरडत होती. पाटी उन्हात चमकत होती आणि तिच्यावर माझी घंटी. अंबादास गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला, हार तसाच गळ्यात. वाकून पायाला हात लावला.

"भाऊ, तनूबाई काई म्हनली का?"

माझा हात खिशावर होता. दोरा बोटांना लागत होता.

"नाई," मी म्हणालो. "झोपली होती."

घरी आलो तर ती खिडकीतच.

"दिला?"

"दिला."

"बांधला त्याइनं?"

तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "खिशात टाकला."

संध्याकाळी बायको दूध काढायला गोठ्यात गेली होती. देवापुढं दिवा लावायचा होता. मी खिशातला दोरा काढला, मधोमध दुमडला आणि निरांजनात ठेवला. पहिला कापूस वात होऊन लागल्याशिवाय घराबाहेर जात नाही, अशी आमच्या घरची रीत आहे, मी तीच पाळतोय, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं तर रीतीची वात बायकोनं चार दिवस आधीच लावली होती. हळदीचं टोक तडतडलं. मी हात जोडले. अंबादासच्या सायकलची घाटात चेन तुटो, असं मी देवापुढं उभा राहून मनात म्हटलं. ती सायकल माझ्याच नातीच्या रक्तासाठी चालली होती.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. माझी घंटी. गल्लीतली दारं धडाधड उघडली, बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, आणि मी आत खाटेवर बसून माझ्याच घंटीला लोक बाहेर येताना ऐकलं.

"तनूबाई! ओ तनूबाई! पाहा तं कोन आलं!"

तनू सकाळपासून खिडकीला होती. तिनं सायकलकडं बघितलं. पाटी होती, घंटी होती, सरपंचाचा सुकलेला हार मागं कॅरियरला होता. हँडल मोकळं होतं.

"आबा," ती वळून मला म्हणाली, "खिशातच असंन का?"

मी म्हणालो, "असंन."

"भुलले असतीन," ती म्हणाली. मग खिडकीतून उतरली, खाटेवर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. काडेपेटी उशीखालून काढून सुनेच्या हातात दिली, "वर ठेवून दे" म्हणाली.

बाहेर अंबादास एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. घंटी तीनदा वाजली, मग थोडं थांबून आणखी एकदा. सुनेनं खिडकीतूनच "थकली हाये जी" म्हणून सांगितलं. सायकल गेल्याचा आवाज मी ऐकला. सगळ्या गल्लीत फक्त आमचं दार त्याला उघडलं नाही.

पाच दिवसांनी तो परतला. ओठ फुटलेले, पायांना सूज, वहीची बहुतेक पानं भरलेली. वही मुलाच्या हातात दिली. घंटी कागदात गुंडाळून माझ्यापुढं ठेवली. सायकलला पाटी नव्हती.

"पाटी कुठं हाये?" मी विचारलं.

"चिखलीत काढली भाऊ." तो पायरीवर बसला. "माह्यं चुकलं. पोरीचा आजार म्या गावोगाव टांगला. लहान हाये म्हनून काय तिले वाईट वाटत नसंन? म्हनून तं ते बाहेर नाई आली. पुढं मंग लोक पुसत, कोनासाठी? तं म्या म्हनो, एका पोरीसाठी." मग त्यानं हात जोडले. ग्रीसनं काळे झालेले, ज्यांनी माझी सायकल आयुष्यभर सांभाळली ते हात. "माफी द्या भाऊ. तिले सांगा, आजोबाचं चुकलं."

आणि मी ती घेतली. "असू दे," म्हणालो. "होते असं."

ज्याची माफी मी मागायची, त्यानं माझी मागितली आणि मी मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखी दिली. तिला सांगायला म्हणून त्यानं दिलेला निरोपही मी पोचवला नाही. चौतीस वर्षांत माझ्याकडून एक पत्र हरवलं नव्हतं.

---

त्या वहीतली माणसं आली. बीबीचा एक शिक्षक दोनदा आला. जळगाव जामोदहून एक केळीवाला दोन एसट्या बदलून औरंगाबादला पोचला, त्याला पेशंटचं नावही माहीत नव्हतं. "कोन्ती पोरगी हाये?" एवढंच त्यानं विचारलं. तनू बरी झाली. अडीच वर्षं लागली, पण झाली. केस आले. आज ती स्कूटीवर वेणी उडवत जाते तेव्हा तिच्या अंगात कोणाकोणाचं रक्त फिरून गेलं याचा मी विचार करतो, आणि त्यातल्या एकालाही मी बोलावलेलं नव्हतं.

अंबादास आमच्या घरी नंतर आला नाही. रस्त्यात तनू दिसली तर बाजूला व्हायचा, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ती पण आजोबा भुलले म्हणून आपल्या मनात ठेवून मोठी झाली. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि मध्ये मी होतो.

सांगायला मी गेलो नाही असं नाही. एकदा भिंतीची सायकल काढली, मागच्या चाकातली हवा स्वतः सोडली आणि लंगडत दुकानावर गेलो. स्टुलावर न बसता त्याच्याशेजारी पोत्यावर बसलो. त्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात इंच इंच फिरवली.

"भाऊ, बुडबुडा तं येत नाई."

"पाह्य नीट."

त्यानं पुन्हा फिरवली. "पंक्चर नाई हो. कोनी तरी हवा सोडली."

"पोट्टे सोडतेत," मी म्हणालो.

"तुमच्या अंगनात येऊन? लय वात्रट झाले मंग." तो हसला. त्यानं हवा भरून दिली आणि मी परत आलो. असं मी तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी त्यानं ट्यूब काढलीच नाही. हवा भरली, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "भाऊ, काई सांगाचं हाये का?"

समोर मेहकरची एसटी येऊन थांबली. माणसं उतरली. मी म्हणालो, "थंडी पडाले लागली बे औंदा."

"हाव," तो म्हणाला.

मागच्या वर्षी, वेचणीच्या आधी, तो गेला. साखरेनं आधी पाय गेला होता. मी तिथं गेलो, बसलो. त्याची पाटी त्याच्या घराच्या आतल्या भिंतीवर टांगलेली होती, लाल अक्षरं अजून तशीच. त्याच्या बायकोनं माझी नजर बघितली. "जिवापाड जपून ठेवली त्याइनं," ती म्हणाली, "फेकू देल्ली नाई." इतकी माणसं त्याच्यासाठी आली होती. बीबीचा शिक्षकही आला होता. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, त्या अंगणात बसूनसुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

तनूची स्कूटी आता अंगणात उभी आहे. हँडलवरचा दोरा धुळीनं मळला आहे. हे लिहून झालं की आधी तिच्या हातात देणार आहे. ती रागावेल, आणि काडेपेटी कुठं आहे ते आईला विचारेल. ते सगळं मी ओट्यावर बसून ऐकेन. या वेळी उठून जाणार नाही.

पण त्याला कुठं देऊ? घंटी कागदात आहे तशीच आहे. दुकानाला कुलूप आहे. पोत्यावर त्याच्याशेजारी बसून जे तीनदा गिळलं ते एवढंच होतं:

अंबादास, तनूबाई तुह्यावर रुसली नव्हती बे. तिनं तुह्यासाठी पहिल्या कापसाचा दोरा वळला होता, दोन्ही टोकाले हळद लावून. तो म्या तुले देल्ला नाई. तुह्या पाटीचं काईच चुकलं नव्हतं. चुकलं ते माह्यं. मले माफ कर.